आजेसासऱ्यानं दाखवलेलं रान

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रंगुबाई आष्ट्याहून आली. सोबत नवरा, उसाची मोळी आणि थोरल्या भावासाठी नोकरी. मोळी तिनं सोप्यात टाकली आणि नोकरी पाणी प्यायच्या आत सांगून टाकली. आमचे जावई अर्जुना तिकडच्या एका साखर कारखान्यावर राखणीला आहेत; त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं होतं. नानासोला फाटकावर घेणार होते. राहायला एक खोली, पत्र्याची पण दाराला कडी असलेली. दिवाळीच्या आत हजर व्हायचं.

माझी लेक अशीच. कुणाचं भलं करायला निघाली की त्या माणसाला बसूही देत नाही.

नानासो माझा थोरला. पन्नाशीचा माणूस, पण दुष्काळातनं निघाल्यापासून सत्तरीचा दिसायचा. बाहत्तरच्या साली चारशे मेंढरं होती, दोन वर्षांनी दीडशे उरली, आणि ती दीडशे त्यानं झाडाचा पाला ओरबाडून आणि स्वतःच्या ताटातलं टाकून जगवली. बहिणीचं सगळं बोलणं त्यानं तंबाखू मळत ऐकलं. तिला वाटलं आता नाही म्हणेल, म्हणून तिनं पदर खोचला होता. तो म्हणाला, परवा व्यापारी येतोय. सगळीच देतो. एक कोकरूसुद्धा ठेवत नाही, ठेवलं की मन तिथंच घुटमळतं.

मागं मेंढरांचं खोकणं तेवढं ऐकू येत होतं.

त्याला बोल लावावा असं काही नव्हतं. दिवाळी झाली की आम्ही धनगरं मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचो. ज्वारी निघालेल्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला आणि आम्हाला पोत्यानं दाणे. मग इंग्रजानं पाट काढला, पाटामागनं ऊस आला, आणि आता तिकडं बारा महिने रान भरलेलं. मोकळं शेतच नाही तर मेंढरू बसणार कुठं? गेल्या साली चालत चालत पार आष्ट्यापर्यंत गेलो, तर ओळखीच्या बागायतदारानं लांबूनच हात हलवला, पुढं जावा म्हणून. त्याचा बाप आमची वाट बघत वेशीवर येऊन बसायचा. लोकर घ्यायलाही कुणी राहिलं नाही. घोंगडी विणणाऱ्या सणगरानं माग मोडून चुलीत घातला, आणि माझी लेक मिलची तांबडी रग पांघरते, घोंगडं टोचतं म्हणते. लहानपणी टोचत नव्हतं.

खाली असं, आणि घराच्या मागं डोंगर. त्याच्यावर आश्विनात गुडघाभर गवत वाळून उभं असतं आणि आम्ही ते खालून बघतो. डोंगराच्या कडेनं दगडांचे बुरूज आहेत, कमरेएवढे, चुना दिलेले. इंग्रजाच्या फॉरेस्टनं घातले. त्यांच्या आत मेंढराचं तोंड गेलं की मेंढरू कोंडवाड्यात. इंग्रज जाऊन सत्तावीस वर्षं झाली. बुरजांना चुना मात्र दरसाल मिळतो. आणि तो चुना आता माझाच धाकटा लावतो.

भाऊसो फॉरेस्टात गार्ड आहे. नोकरी लागली तेव्हा मी गावभर साखर वाटली होती. वाटलं, आपला माणूस आत गेला म्हणजे डोंगर आपला झाला. कसलं काय. गेल्या साली उन्हाळ्यात थोरल्याची एकोणीस मेंढरं बुरजाच्या आत शिरली आणि धाकट्यानं ती हाकून कोंडवाड्यात घातली. तेव्हापासून दोघं माझ्या डाव्या उजव्या हाताला जेवायला बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. "आये, त्याला म्हणावं मीठ सरकव." मीठ दोघांच्या मध्ये असायचं.

त्या दिवशी भाऊसो ऊन कलताना आला. खाकी कपड्यात असला की तो दारातच उभा राहून बोलतो. तेव्हा मात्र बूट काढून आत आला आणि भिंतीला टेकून बसला. मी ओळखलं, मागायला आलाय.

त्यानं सांगितलं ते असं. उद्या बिरोबाच्या माळावर जमात जमेल, तिथंच साताऱ्याहून साहेब येणार. देवाच्या बाजूचा चाळीस एकरांचा तुकडा चराईला मोकळा करावा असा अर्ज जमातीनं केला होता, त्याची चौकशी. साहेबाला दप्तरात जुना कागद सापडलाय. त्यात लिहिलंय की बिराप्पा धनगर यानं स्वतः हिंडून हद्द दाखवली, रान पडीक आहे, कुणी वापरत नाही, कुणाची तक्रार नाही. खाली अंगठा. तो कागद आहे तसा राहिला तर अर्ज गेला. जुन्या माणसानं त्याच्याविरुद्ध जबानी दिली तर साहेब वर लिहिणार. आणि गावात जुनं माणूस म्हणजे मी. माझ्याहून थोरली होती ती सगळी दुष्काळानं नेली.

"बिराप्पा पणज्यानं तुला सांगितलं हुतं तेवढं सांग, आये. त्यात काय मिसळू नगंस," भाऊसो म्हणाला.

दुष्काळात खडी फोडताना एकदा माझ्या तोंडून निम्मं निसटलं होतं. त्यानं ते धरून ठेवलं होतं.

आता आमच्या घरात बिराप्पाची गोष्ट कशी सांगतात ते गावाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. बिराप्पा माझा आजेसासरा, नवऱ्याचा आज्जा. इंग्रज साहेबानं त्याला मानानं बोलावलं, जंगल कुठं राखावं ते विचारलं, मुकादम केलं आणि सहीची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी दाखवून तो दहा वर्षं लोकांची मेंढरं कोंडवाड्यातनं सोडवत होता. म्हणून दसऱ्याला बिरोबापुढं पहिलं घोंगडं आमच्या घरचं पडतं. त्याच्यावर भंडारा ठेवायचा आणि मग भोवती जमात बसायची. इंग्रज साहेब येण्याआधी तो मान आकारामच्या घराचा होता. आकाराम आमच्या भावकीतला, साठीचा. दरसाल आमचं घोंगडं पडलं की त्याला खोकला येतो.

ही गोष्ट मी सासूकडून घेतली आणि तीत भर घालत साठ वर्षं सांगितली. साहेबाच्या घोड्याचा रंग मी घातलाय. साहेबानं बिराप्पाच्या खांद्यावर हात ठेवला, तो हातही माझाच.

आणि खरी गोष्ट सांगायची म्हणजे हा मान जमातीपुढं आपल्या हातानं उतरवून ठेवायचा.

रंगुबाईला ते माझ्याआधी कळलं. ती म्हणाली, सासरी मी मानकऱ्याची लेक म्हणून नांदले. नणंदांनी काहीही काढलं, पण त्यावर त्यांचं तोंड बंद व्हायचं.

"आन् आता चारचौघांत तू सांगणार, आमचा पणजा येडा हुता?"

"येडा न्हवता," मी म्हटलं. "येड्याला कुनी वाट इचारत न्हाई."

अर्जुना जावई माणूस, ते छताकडं बघत बसले. नानासोनं तंबाखू थुंकली आणि भिंतीला सांगावं तसं सांगितलं, की सरकारी कागदाला म्हातारीच्या तोंडानं भोक पडत नाही. मानही जाईल आणि गवतही मिळणार नाही.

"मला आता वर बघायचा बी कटाळा आलाय, आये," तो म्हणाला. "गवत हाय का न्हाई ते बघायचंच नगं मला."

हे तो माझ्याशी बोलला, पण बोलत होता धाकट्याशी. भाऊसोनं खाली मान घालून पायाचा काटा काढल्याचं सोंग केलं. त्या एकोणीस मेंढरांतलं एक लंगडं होतं. ते त्यानं कोंडवाड्यापर्यंत खांद्यावर नेलं होतं, साहेबाच्या देखत, खाकी कपड्यावर. ते मला कोंडवाड्याच्या राखणदारानं सांगितलं. भाऊसोनं कधी सांगितलं नाही आणि मीही थोरल्याला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. पण दोन्ही लेकांनी आईच्या तोंडून बोलावं, यात आईलाही थोडी चव येते; खोटं कशाला बोलू?

थोरली सून लीलाबाई चुलीपाशी होती. ती एक शब्द बोलली नाही, म्हणून मी तिच्याकडं बघितलंही नाही. तिच्या मनात काय होतं ते तिनं मला पुढं दोन वर्षांनी सांगितलं, आजारी पडली तेव्हा. आत्याबाई, म्हणाली, मी बिरोबाला हात जोडत हुते की तुमची जीभ उद्या उचलू नये. तीस वर्षं तिनं घोड्यावर संसार बांधला आणि सोडला. दोन पोरं तिची उघड्या रानात झाली, एक तिथंच पुरलं. तिला कडी असलेलं दार पाहिजे होतं. पत्र्याच्या खोलीचं नाव निघाल्यापासून ती मनात तिथं चूल कुठं मांडायची ते ठरवत होती. घरात तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दसऱ्याला सकाळीच माळावर जमात आली. पन्नासेक माणसं. ढोल होते, पण साहेब येणार म्हणून वाजवायचे का नाही ते कुणाला कळेना. देवाचा निंब आहे त्याच्याखाली साहेबाला खुर्ची ठेवली होती. बिरोबाचा दगड बुरजांच्या आत वीस पावलांवर, म्हणून आमच्या देवाला भेटायला आम्हाला दरसाल परवानगी काढावी लागते. त्या साली परवानगीच्या कागदावर सही माझ्या पोराची होती.

साहेब पस्तिशीचा, वाळकासा. आल्या आल्या त्यानं टोपी काढली. मी ताक दिलं ते बिनकुरकुर प्याला, भांडं स्वतः विसळलं, आणि मला आजीबाई म्हणून समोर बसवलं. माणूस चांगला होता, त्यात मला शंका नाही.

त्यानं कागद वाचून दाखवला. भाऊसोनं सांगितलं होतं तसाच होता.

"हे खरं आहे का, आजीबाई?"

"अंगठा खरा हाय," मी म्हटलं. "वरचं खोटं हाय."

लोक जरा पुढं सरकले. आकाराम पहिल्या रांगेत होता. रंगुबाई लांब बायकांत, तोंडावर पदर धरून.

मी सांगितलं. नऊ वर्षांची होऊन या घरात आले तेव्हा बिराप्पाचे डोळे गेले होते. त्याला भाकरी नेऊन द्यायची आणि तो जेवेपर्यंत कुत्री हाकत बसायचं, हे माझं काम. मोठ्या माणसांशी तो बोलायचा नाही. माझ्याशी बोलायचा, कारण मी त्याच्या लेखी कुणी नव्हते; भिंतीशी बोलावं तसं बोलायचा. इंग्रज साहेब आला तो त्या काळच्या मोठ्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात. टोपी काढली, दूध मागितलं, उभ्यानं प्याला. मग विचारलं, तुझी मेंढरं एवढी तजेलदार कशी? बिराप्पा सव्वीस वर्षांचा. तोवर त्याला टोपीवाल्यांनी हुकूम केले होते, प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, आमचं रानच तसं आहे, चला दाखवतो.

तीन दिवस हिंडवला साहेबाला. हे कोकरपठार, इथं पहिल्या पावसाचं कोवळं गवत. ही तांबडी दरड, इथं मारवेलीचं गवत. हे उंबराचं पाणी, ही म्हातारीची खोड, हा लांडग्याचा माळ. एकेक नाव घेऊन दाखवलं. मागनं एक माणूस टोपलीतले दगड जागोजाग ठेवत येत होता. बिराप्पाला वाटलं, साहेबाला शिकारीला परत यायचं असेल, खुणा करतोय. एका ठिकाणी दगड पडला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, साहेब, इथं नाही, अजून पलीकडं. खरं पवन्याचं गवत तिथनं सुरू होतं. दगड पलीकडं गेला. असं त्यानं चार वेळा केलं.

"हद्द त्यानंच वाढवून दिली," मी म्हटलं. "शेवटी कारकुनानं अंगठा धरला. काय लिवलंय ते त्यानं इचारलं न्हाई. पाव्हणा घरी आला की आपन घर दाखवतो, सायेब. ह्ये माजघर, ही कणगी, ह्यो देव. दाखवलं म्हंजी दिलं का?"

साहेब लिहीत होता. लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, मग ती मुकादमकी आणि चिठ्ठी? तसं कागदोपत्री आहे म्हणतात.

तेच राहिलं होतं. मला वाटलं होतं, बाकीचं सांगून झालं की हे आपोआप निघेल. निघेना. पन्नास माणसं बघत होती आणि साठ वर्षांचा घोडा माझ्या डोळ्यापुढं उभा, मीच रंगवलेला.

"चिठ्ठी मागनं आली," मी म्हटलं. "पुढल्या पावसाळ्यात त्याचीच मेंढरं धरली तवा. साहेबाच्या तंबूपुढं दोन दिस उपाशी बसला. लोकास्नी सांगितलं मान मिळाला. मान न्हवता त्यो, भीक हुती. त्या भीकंवर आमी घोंगडं टाकतोय इतकी वर्सं."

मी आकारामकडं बघितलं. मनात म्हटलं, खोक आता, तुझा दिवस आहे. तो जमिनीकडं बघत होता.

"टोपली आमच्या आज्ज्याची हुती, हरणाकाकू," तो हळू म्हणाला. "दगडाची. पोटासाठनं गेला हुता. आमच्या घरात कुनी बोलत न्हाई त्याचं."

साहेबानं ते लिहिलं नाही. ऐकलं नसेल, किंवा कुठल्या रकान्यात घालावं ते कळलं नसेल.

मग जबानी मला वाचून दाखवली. मी दुसऱ्यांदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा भाऊसोकडनं वाचून घेतली, तेव्हा साहेबानं घड्याळ बघितलं. आमची मेंढरं तिथं 'हक्कानं' चरायची, तो शब्द आहे का ते मी दोनदा विचारलं. आहे म्हटल्यावर सही केली. सही मला येते. प्रौढांच्या वर्गात दोन महिने गेले होते तेवढ्यासाठी. बाकी अक्षरं गेली, माझ्या नावाची पाच अक्षरं राहिली.

घोंगड्याची वेळ झाली तेव्हा लीलाबाई आमचं घोंगडं घडी करून दोन्ही हातांवर घेऊन उभी होती, दरसालसारखी. मी तिला मागं हो म्हटलं आणि आकारामला सांगितलं, टाक तुझं. मला वाटलं होतं, टोपलीचं बोलून गेलाय, तेव्हा जरा आढेवेढे घेईल. त्याची सून घोंगडं घेऊन आधीच पुढं आली होती. त्यानं ते टाकलं, चारी कोपरे नीट ओढले आणि भंडारा उधळला. जमात बसली. आम्ही दुसऱ्या ओळीत बसलो. तिथनं देव दिसतो, पण माणसांच्या पाठींमधनं दिसतो. रंगुबाई उठून घरी निघून गेली. तिच्या मागं अर्जुना गेले. नानासो माझ्याजवळ बसून राहिला.

ढोल थांबले तेव्हा साहेब म्हणाला, चालवत असेल तर आजीबाईंनी तो तुकडा दाखवावा, नकाशावर खुणा करतो. दोन्ही गुडघे नको म्हणत होते. तरी निघाले. एका बाजूला थोरला, एका बाजूला धाकटा, दोघं मला धरून आणि एकमेकांकडं न बघता. आकाराम मागं राहिला, त्याला आता घोंगड्यावर बसायचं होतं.

देवाच्या दगडापलीकडं मी त्या डोंगरावर याआधी कधी गेले नव्हते. नावं मला साठ वर्षं पाठ होती, जागा कुठली? पण बिराप्पानं अशी सांगितली होती की चुकायला जागाच नाही. वळलं की तांबडी दरड, दरडीखाली उंबर. उंबर वाळला होता. मारवेल नव्हती, तिच्या जागी सगळीकडं कुसळी, जी लोकरीत घुसते आणि मेंढराला रडवते. चरायला कुणी नसलं की रानही बिघडतं. नानासो वाकून मधलं खालचं गवत चाचपत होता. काय सापडत होतं ते मला सांगत नव्हता, पण दर पाच पावलांवर वाकत होता.

साहेबानं खुणा केल्या. भाऊसोच्या हातात वही होती. साहेब सांगेल ते तो लिहीत होता. साहेब म्हणाला, मी शिफारस पाठवतो. वर काय होईल ते माझ्या हातात नाही, पण निकाल लागेस्तोवर या बाजूला मेंढरं आली तर धरू नका, गार्ड. भाऊसो म्हणाला, जी.

आम्ही एका घळीच्या तोंडाशी आलो. पुढं करवंदीची जाळी, मागचं काही दिसत नव्हतं. मला मात्र कळलं. बिराप्पाच्या नावांतलं हे शेवटचं, कोकरदरा. व्यायलेल्या मेंढ्या इथं ठेवायचे. जाळीमागं झरा, उन्हाळ्यातही ओल, आणि पवना असा की कोकरू त्यात लपतं. सकाळी जबानीत मी त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच साहेबानं हात वर केला होता, नावं पुरे म्हणून.

साहेबानं टोपी काढून घाम पुसला. म्हणाला, एक विचारू का, आजीबाई? आमच्या खात्याला रोपं लावायला ओलीची जागा पाहिजे. या तुकड्यात कुठं चांगली माती, पाणी असेल तर तेवढीच आम्ही ठेवून घेऊ, तारेचं कुंपण घालून. बाकी सगळं तुमचं. तुमच्याइतकं हे रान कुणाला माहीत असणार?

तो मनापासून विचारत होता. आणि काय सांगू, माझ्या जिभेवर आलं होतं. आपल्याला कुणी तरी काही तरी विचारतंय, तेही टोपी काढून. सांगावं वाटतं. अजून पलीकडं, साहेब. चार पावलं, ती जाळी बाजूला करा. बिराप्पा का बोलला ते मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. तिथं उभी राहिले तेव्हा कळलं. भीती नाही, लोभ नाही. नुसतं बरं वाटतं.

"हितं कुठली ओल, सायेब?" मी म्हटलं. "खडक हाय सगळा."

साहेब जाळीकडं बघत होता. मग त्यानं भाऊसोला विचारलं. काय गार्ड, तुम्ही रोज हिंडता. काय आहे तिकडं?

भाऊसोची पेन्सिल वहीवर थांबली. त्याच्या अंगावर त्यांचे कपडे होते, त्यांचा पगार होता, पायांत त्यांचे बूट होते. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं, आणि हे त्याचं त्यानं सांगायचं होतं.

"खडकच आहे, साहेब," तो म्हणाला, आणि लिहून घेतलं.

साहेब पुढं निघाला. नानासो जाळीपाशी मागंच राहिला होता. उन्हानं त्याचे ओठ पांढरे पडले होते. भाऊसोनं कमरेची पाण्याची बाटली सोडली आणि त्याच्यापुढं धरली. मला वाटलं, घेणार नाही. त्यानं घेतली. एक घोट घेतला आणि तोंडातच धरून उभा राहिला. माळावरचं सगळ्यांचं पाणी तोवर कढत झालं होतं. त्यानं घोट गिळला, जाळीकडं बघितलं, मग धाकट्याकडं.

"गार हाय," तो म्हणाला.

"रोज भरतो," भाऊसो म्हणाला.

दीड वर्षात एवढंच बोलणं. मला मध्ये घेतलं नाही.

घरी आलो तर रंगुबाई चेहरा फुगवून बसली होती. नानासोनं जावयांना सांगितलं, व्यापाऱ्याला निरोप धाडतो, उद्या येऊ नको म्हणून. आणि त्या नोकरीचं दुसऱ्या कुणाला तरी बघा. रंगुबाई उठली आणि भावाला जे बोलायचं ते सगळं बोलली. भीक म्हणाली, येडेपणा म्हणाली, माझंही नाव घेतलं. तिचं सगळंच चुकीचं नव्हतं. निकाल विरुद्ध लागला तर तोंड दाखवायला मानही उरला नव्हता.

लीलाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात मध्येच थांबला, पण तिनं वर बघितलं नाही. खडा हातात धरून ती बराच वेळ अंगणाकडं बघत बसली. मग तो लांब टाकला आणि म्हणाली,

"मेंढराभोवतीच्या वाघरीचं जाळं तीन जागी उसवलंया. सुतळी आणा बाजारातनं."